‘पाणी महिनोन्महिने बदलत नाहीत’ या रिव्ह्यूला पोहण्याच्या टँकच्या मालकाचं उत्तर

नमस्कार ताई,

रविवारी सकाळी तुमची आणि पोरांची गैरसोय झाली, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. ‘पाणी दुधासारखं होतं, तळ दिसत नव्हता’ असं तुम्ही लिहिलंय, ते खरं आहे. पण पुढं ‘हे लोक महिनोन्महिने पाणी बदलत नाहीत, वरून कसलं तरी केमिकल ओतून घाण लपवतात’ असं लिहिलंत, ते जिव्हारी लागलं. रात्री दोनदा उठून वाचलं.

शुक्रवारी संध्याकाळी वळीव झाला. सांगलीत कुणालाही विचारा कसलं वारं सुटलं होतं. शेजारच्या कडुलिंबाचा मोहर आणि रस्त्यावरची सगळी माती टँकमध्ये. त्यात लाईट गेली ती पहाटे आली, म्हणजे पंप रात्रभर बंद. शनिवारी सगळ्या बॅच बंद ठेवून जाळीनं पाला काढला, तळ व्हॅक्यूम केला, क्लोरीन दिलं आणि रात्री दहाला क्लॅरिफायर, म्हणजे गढूळ पाणी निवळायचं औषध, घातलं. तुम्ही आलात रविवारी सकाळी आठला. दहा तास झाले होते फक्त! बाटलीवरच लिहिलेलं असतं की फिल्टर चालू ठेवून एक ते तीन दिवस लागतात.

आता ते ‘कसलं तरी केमिकल’. पाणी गढूळ दिसतं ते अगदी बारीक कणांमुळं. आमच्या फिल्टरमधली वाळू साधारण 20 ते 40 मायक्रॉनपर्यंतचं अडवते, त्याहून बारीक धूळ सरळ वाळूतून पलीकडं जाते आणि परत टँकमध्ये येते. या कणांवर सारखाच ऋण भार असतो, म्हणून ते एकमेकांना ढकलत राहतात, खाली बसत नाहीत. क्लॅरिफायरवर उलटा, धन भार असतो. तो त्यांना एकत्र चिकटवतो, गुठळी मोठी झाली की वाळूत अडकते. मग फिल्टरच्या प्रेशर मीटरचा काटा चढतो आणि आम्ही बॅकवॉश करून, म्हणजे वाळूतून उलटं पाणी सोडून, ती घाण गटारात सोडतो. लपवायची असती तर बाहेर कशाला काढली असती?

आपल्या घरात पावसाळ्यात हंड्यात तुरटी फिरवतात, त्याचाच हा भाऊबंद. फरक एवढाच की तुरटीनं गाळ तळाशी बसतो आणि तो उपसून टाकावा लागतो, पाण्यासकट. आणि क्लॅरिफायर जास्त ओतलं की पाणी लवकर निवळेल असंही नाही. माप चुकलं तर सगळे कण उलट्या भाराचे होतात, पुन्हा एकमेकांना ढकलतात आणि पाणी आणखी पांढरं होतं. म्हणून मी स्वतः मापतो, कुणावर सोडत नाही. जंतू मारायचं काम मात्र क्लोरीनचंच. ते 1 ते 3 पीपीएम (लिटरमागं तेवढे मिलिग्रॅम) आणि पीएच (पाण्याच्या आम्लतेचं माप) 7.2 ते 7.6, दोन्ही आकडे रोज सकाळी फळ्यावर लिहिलेले असतात. तुम्ही त्याच फळ्याखाली चपला काढल्या होत्या.

पाणी बदलायचं म्हणाल, तर आमच्या टँकमध्ये 2 लाख 40 हजार लिटर आहे. दहा हजारी चोवीस टँकर. याच जिल्ह्यात जत-आटपाडीकडं उन्हाळ्यात लोक टँकरची वाट बघत बसतात, आणि मी एका वळवापायी एवढं पाणी गटारात सोडू? दर बॅकवॉशला जातं तेवढं ताजं पाणी भरतो. दिवाळीनंतर टँक पूर्ण रिकामा करून घासून घेतला होता.

आणखी एक, राग मानू नका. तुमच्याकडं लग्न होतं, पोरांच्या अंगाला हळद आणि केसांना तेल होतं. शॉवर घेऊन उतरा असं आमच्या मुलानं सांगितलं, तेव्हा ‘पाण्यातच तर जायचंय’ असं उत्तर मिळालं. पाण्याच्या रेषेवरच्या टाइल्सना पिवळा तेलकट पट्टा बसलाय, तो अजून घासतोय. हे तेल वाळूवर बसलं की फिल्टरही नीट चालत नाही. आणि भीती वाटली म्हणता, पण पोरं पन्नास मिनिटं पाण्यात होती.

तरीही तळ दिसत नसताना टँक उघडायला नको होता, हे मान्य. महिन्याची फी भरलेले लोक सहापासून गेटवर उभे होते, मला नाही म्हणवलं नाही. इथून पुढं तशी काळजी घेऊ. पैसे परत मागितलेत तेव्हा मी पंपाच्या खोलीत होतो आणि काउंटरवरच्या मुलाला तो अधिकार नाही. 4 मोठे, 4 लहान, तुमचे 640 रुपये पाकिटात काढून ठेवलेत, कधीही न्या.

आमचा धंदा मार्च ते मे, तीनच महिने. जूनला पाऊस लागला की इकडं कुत्रं फिरकत नाही. तुमचा रिव्ह्यू वाचून दोघांनी बॅचची चौकशी करून फोन ठेवलाय.

सोमवारी सकाळी सहाला तळाच्या जाळीचे गज मोजता येत होते. फोटो खाली जोडलाय. एकदा परत या, त्या दिवशी तिकीट घेणार नाही. फक्त शॉवर घेऊन उतरा.

आपला,
टँकमालक, सांगली