‘कोठा साफ होतोय’ म्हणत महिने काढणाऱ्यांसाठी

एक फॉरवर्ड गेल्या पंधरवड्यात मला सोसायटीच्या, शाळेच्या आणि माहेरच्या अशा तिन्ही ग्रुपांवर आला. त्यात म्हटलंय की जुलाब हा आजारच नव्हे, कोठ्यात साठलेली घाण निघतेय. महिना-दोन महिने चालले तरी घाबरू नका. पाणी कमी प्या, उपास करा. फारच झालं तर मेडिकलमधून अमिबाची गोळी आणा. टेस्ट म्हणजे लूट, त्यांच्या नादी लागू नका, शेवटी ‘टेन्शन’ असंच निघतं.

मी लॅबमध्ये वीस वर्षं मायक्रोस्कोपवर बसते. शौचाचे नमुने रोज बघते, त्यामुळे मला या विषयाची किळस नाही आणि असलं वाचून गप्पही बसवत नाही.

‘घाण निघतेय.’ खाणंपिणं आणि पाचकरस मिळून दिवसाला ८-९ लिटर पाणी आतड्यात उतरतं. त्यातलं जवळजवळ सगळं आतडं परत शोषून घेतं, शौचातून जेमतेम १००-२०० मिली बाहेर पडतं. हे शोषण बिघडलं की जुलाब. म्हणजे जातंय ते अंगातलं पाणी, मीठ आणि पोटॅशियम. फॉरवर्डमध्ये खऱ्याचा एक कण आहे, तो मान्य करते: बाहेरचं खाऊन बिघडलेलं पोट बहुतेकदा दोन-चार दिवसांत आपसूक ताळ्यावर येतं, आणि ताप किंवा रक्त असताना जुलाब बांधणारी गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये. पण ४ आठवडे उलटून गेले की डॉक्टर त्याला जुनाट जुलाब म्हणतात, आणि तिथून कारणांची यादीच बदलते.

‘पाणी कमी प्या.’ १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाईन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजायला लावलं. ३० टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आलं. यावर आणखी काय बोलायचं? तेच आजचं ओआरएस: पाकिटावर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात अख्खी पुडी घाला, आणि खोक्यातल्या गोड सरबताला ओआरएस समजू नका.

‘अमिबाची गोळी.’ खरा घोळ इथे आहे. ही गोळी म्हणजे मेट्रोनिडाझोल. ते अमिबा आणि जिआर्डिया या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवींवर चालतं, पण ते पोटात असले तर! आमच्या इमारतीतल्या एका काकांनी त्याचे तीन कोर्स केले. तोंडाला धातूची चव आली, जुलाब होते तसेच. शेवटी काकूंनी त्यांचा औषधांचा डबा डॉक्टरांपुढे उपडा केला. तीन महिन्यांपूर्वी मधुमेहाची मेटफॉर्मिन दुप्पट झाली होती आणि पोट तेव्हापासूनच बिघडलं होतं. डॉक्टरांनी हळूहळू विरघळणारी गोळी दिली, आठवड्याभरात काका सकाळच्या फेरीला जाऊ लागले. (गोळी स्वतःहून बंद करायची नसते, हे त्यांनाही सांगावं लागलं.) मॅग्नेशियमवाली ॲसिडिटीची औषधं, शुगरफ्री गोळ्यांतलं सॉर्बिटॉल नावाचं गोडवा आणणारं द्रव्य, पचत नसलेलं दूध, जोरात चालणारा थायरॉईड, पित्ताशय काढल्यानंतर आतड्यात सुटणारं पित्त, यांतल्या कशालाही अमिबाची गोळी लागू पडत नाही. उलट काही वेळा अँटिबायोटिकच जुलाब लावून देतं.

‘टेन्शनच असतं.’ आयबीएस, म्हणजे आतड्याचं कामकाज बिघडवणारा ‘इरिटेबल बॉवेल सिंड्रोम’, हा खरा आजार आहे आणि ताणाने तो वाढतो. पण त्यात रक्त पडत नाही, वजन उतरत नाही, आणि सहसा झोपेतून उठून संडासला धावावं लागत नाही. मागे एक तरुण मुलगा तपासणीसाठी रक्त द्यायला आला होता. ‘परीक्षेचं टेन्शन’ म्हणून घरच्यांनी चार महिने काढलेले. बाही वर करताना पट्टा दिसला, खिळ्याने पाडलेली दोन नवी भोकं होती त्याला. हिमोग्लोबिन जेमतेम ८. संध्याकाळचा बारीक ताप, बेंबीच्या उजवीकडे खाली दुखणं. पुढे आतड्याचा टीबी निघाला. आपल्याकडे हा विसरून चालत नाही, कारण क्रोन्स नावाचा आतड्याला सूज आणणारा आजार हुबेहूब असाच दिसतो आणि दोघांचे उपचार एकमेकांच्या विरुद्ध. क्रोन्स समजून टीबीवर स्टेरॉईड दिलं तर टीबी फोफावतो. टीबीची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, बहुधा सहा महिने घ्यावी लागतात.

‘टेस्ट म्हणजे लूट.’ लॅबवालीने हे खोडणं म्हणजे हलवायाने साखरेची बाजू घेणं, कळतंय मला. पण सुरुवातीला लागतं ते थोडंच: शौचाची तपासणी, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), थायरॉईड, सीलिॲकची (गव्हातलं ग्लुटेन न सोसण्याच्या आजाराची) रक्ततपासणी, जमल्यास कॅलप्रोटेक्टिन (आतड्याची सूज दाखवणारी शौचाची तपासणी). कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठं आतडं बघणं, सगळ्यांना लागत नाही. सीलिॲकच्या तपासणीआधी पोळी सोडू नका, नाहीतर आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. हल्ली ‘ग्लुटेन फ्री’ होऊनच लोक येतात.

चार आठवडे झाले असतील तर दवाखाना गाठाच. शौचात रक्त, उतरतं वजन, ताप, रात्री उठवणारे जुलाब, पंचेचाळिशीनंतर पहिल्यांदाच बदललेली सवय, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर, यांतलं काहीही असेल तर चार आठवडेही थांबू नका, आणि रक्ताला परस्पर ‘मूळव्याध’ म्हणून मोकळे होऊ नका. डांबरासारखं काळं शौच, उभं राहिल्यावर चक्कर, दिवसभर लघवी नाही, असह्य पोटदुखी: त्याच दिवशी.

आणि शौचाचा नमुना सकाळचा संध्याकाळी आणू नका. मायक्रोस्कोपखाली जिआर्डियाच्या पेशीतल्या दोन गाभ्यांमुळे तो डोळे वटारून बघणाऱ्या चेहऱ्यासारखा दिसतो, झाडावरून गळणाऱ्या पानासारखा हेलकावे खात जातो. पण ते दिसतं पातळ शौच अर्ध्या तासात काचेवर आलं तर. तो रोज सापडतोच असंही नाही, म्हणून तीन वेगवेगळ्या दिवसांचे नमुने मागतो. डबी आमच्याकडून न्या, लघवी मिसळू देऊ नका. काडेपेटी नको, अजूनही लोक काडेपेटीतून आणतात.