‘टर्मिनल बिघडलं? सिस्टिम पुन्हा टाका’ हा सल्ला पसरवू नका

इंदूरच्या आपल्या मराठी मुलांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘शेल इतका जुना की त्यात बग उरलेलाच नाही. टर्मिनल वेडंवाकडं वागलं तर चूक तुमचीच, सिस्टिम पुन्हा टाका. बग कळवणं हे प्रोग्रामरचं काम.’ टर्मिनल म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, शेल म्हणजे त्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम, आणि बग म्हणजे प्रोग्राममधली चूक. मेसेजमधली तिन्ही वाक्यं चुकीची आहेत, आणि मधल्या वाक्यापायी लोकांच्या फाइली जातात.

जुना म्हणजे निर्दोष? बॅश हा लिनक्सवरचा नेहमीचा शेल १९८९ चा. त्याच वर्षी त्यात शिरलेली चूक सप्टेंबर २०१४ मध्ये उघड झाली, तीच शेलशॉक. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (प्रोग्रामला सुरू होताना बाहेरून मिळणाऱ्या नाव दिलेल्या माहितीत) फंक्शन, म्हणजे कमांडींचा नाव दिलेला गट, ठेवून त्याच्या शेपटाला कमांड जोडली, की बॅश सुरू होतानाच ती चालवून मोकळा व्हायचा. २५ वर्षं! स्तेफान शाझलास यांनी ती शोधून कळवली. पहिली दुरुस्ती अपुरी पडली, तेही इतरांनी तपासून कळवलं म्हणूनच समजलं.

आता पुन्हा टाकण्याचं. माझा भाचा राजेंद्रनगरला राहतो. लांब कमांड टाइप केली की अक्षरं खालच्या ओळीवर न जाता त्याच ओळीच्या सुरुवातीवर चढायची. मेसेज वाचून पोराने उबुंटू (त्याची लिनक्स सिस्टिम) पुन्हा टाकलं, होम फोल्डर (स्वतःच्या फाइली आणि सेटिंग्ज असतात तो) पेनड्राइव्हवरून परत आणलं, आणि दुखणं जसंच्या तसं. होमच्या बाहेर ठेवलेला कॉलेजचा प्रोजेक्ट मात्र कायमचा गेला. ‘‘मामा, हा बॅशचाच बग आहे,’’ म्हणाला. रविवारी पोहे खाऊन दोघं बसलो. बॅशला ‘--नोआरसी’ लावून, म्हणजे बॅशआरसी ही त्याची सेटिंग्जची फाइल न वाचता, चालवलं, तर तीच लांब कमांड गुपचूप खालच्या ओळीवर गेली. म्हणजे खोट त्याच्या बॅशआरसी फाइलमध्ये, आणि ती होम फोल्डरसोबतच परत आली होती. अर्धी फाइल कमेंट केली, म्हणजे त्या ओळी बॅशने वगळाव्यात अशी खूण केली, मग उरलेल्यातली अर्धी. चौथ्या खेपेला प्रॉम्प्टची, म्हणजे कमांडच्या आधी दिसणाऱ्या मजकुराची, ओळ हाती लागली. प्रॉम्प्टला रंग दिला होता, पण रंगाचे कोड बॅकस्लॅश लावलेल्या चौकटी कंसांत घातले नव्हते. हे कोड पडद्यावर दिसत नाहीत. कंस नसले की बॅश त्यांचीही जागा मोजतो आणि ओळ कुठे संपते याचा हिशेब चुकतो. कंस घातले, टर्मिनल सरळ झालं.

चूक त्याचीच निघाली, मान्य. पण ती कळली तपासल्यामुळे. ‘--नोआरसी’नेही दुखणं राहिलं असतं, तर कळवण्यासारखं काहीतरी हाती आलं असतं.

आणि कळवायला प्रोग्रामर लागत नाही. कुठला शेल ते आधी पाहा: उबुंटूवर ‘एसएच’ या नावाने चालणारा शेल २००६ पासून बॅश नव्हे, डॅश नावाचा दुसराच शेल आहे. मग दोन-चार ओळींत घडवून दाखवता येईल एवढं उदाहरण लिहा, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं तेही. बॅशसोबत ‘बॅशबग’ नावाची कमांड येते; ती आवृत्ती आणि मशीनची माहिती स्वतःच भरून नमुना उघडते. त्यात दुरुस्तीसाठीही एक जागा आहे, आणि तिथेच लिहिलंय की उपाय माहीत नसेल तर हा भाग काढून टाका.