ब्लाऊजपीसचा हत्ती

कोल्हापुरातल्या कुठल्याही घरात, कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, चादरींच्या मागे एक गाठोडं असतं. त्यात ब्लाऊजपीस असतात. ते कुणी शिवत नाही. ते ओटीत येतात आणि ओटीतच जातात. काही पीस तर शिवाजी पेठेतून निघून, राजारामपुरीत चैत्रातलं हळदीकुंकू करून, कसबा बावड्याला एक डोहाळजेवण गाठून पुन्हा शिवाजी पेठेत मूळ मालकिणीच्याच ओटीत पडलेले आहेत. घडीसुद्धा मोडलेली नसते.

आणि नेमकं महिनाअखेरीला बारशाचं आमंत्रण येतं. पाकिटात पाचशे घालायची ऐपत नसते, एकशे एक घालायची लाज वाटते. अशा वेळी गाठोड्याकडे नजर जाते आणि कुणीतरी म्हणतं, "त्यात काय, घरीच काहीतरी शिवूया की!"

हे वाक्य म्हणणाऱ्याच्या डोळ्यासमोर कधीही लाळेरं नसतं. हत्ती असतो. लाळेरं दीड तासात होतं, बाळाला दिवसातून चार वेळा लागतं आणि आईला ते बघून खरोखर आनंद होतो. हत्तीला तीन संध्याकाळी लागतात, आणि बारशाच्या वयाचं बाळ त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. हे सगळं ठाऊक असूनही माणूस हत्तीच कापायला घेतो. मीही तेच सांगणार आहे. निदान नीट कापा.

पहिलं काम, कापड ओळखणं. पिसाच्या कडेचा एक धागा ओढायचा, चिमट्यात धरायचा आणि मोरीच्या कट्ट्यावर काडी लावायची. कागद जळल्यासारखा वास आला आणि बोटांत चुरली जाणारी राख उरली तर सुती. वितळून काळी टणक गाठ झाली तर पॉलिस्टर. राख आणि गाठ दोन्ही मिळाली तर मिक्स. दुकानदार प्युअर कॉटन म्हणाला होता हा पुरावा इथे ग्राह्य धरला जात नाही. गाठोड्यातल्या दहा पिसांपैकी सुती किती निघतील याची पैज लावू नका. पॉलिस्टरचा हत्ती होत नाही असं नाही, पण ते कात्रीखालून सरकतं, टिपेखालून सरकतं, आणि इस्त्री जरा तापली की चकाकतं. लाळेऱ्याला तर ते अजिबात चालत नाही. लाळ वरून घरंगळून थेट झबल्यावर जाते.

सुती पीस सापडला की तो आधी रात्रभर पाण्यात बुडवायचा. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात शंभरात तीन ते पाच भाग आटतं. न आटवता शिवलं तर पहिल्या धुलाईनंतर हत्तीच्या शिवणी आक्रसतात आणि तो पोटात कळ आल्यासारखा उभा राहतो. गडद लाल आणि जांभळ्या पिसांना पाणी स्वच्छ निघेपर्यंत वेगळं धुवायचं, कारण बाळ हत्तीशी खेळत नाही, बाळ हत्ती चोखतं. रंग सुटणाऱ्या लाल कानांशेजारी पांढरी सोंड लावली तर एका धुण्यात तांबडा-पांढरा दोन्ही रस्से एकाच ताटात सांडल्यासारखं दिसतं.

आता बेत. ब्लाऊजपीस साधारण ८० सेंटीमीटरचा असतो. १० इंच लांब आणि ८ इंच उंच हत्ती त्यात सहज बसतो, आणि उरलेल्यात एक चेंडू. आधी जुन्या वर्तमानपत्रावर हत्ती काढायचा. इथे जवळजवळ सगळे एकच चूक करतात: खऱ्या हत्तीसारखी नाजूक सोंड काढतात. हिशेब असा आहे. कागदावर सोंड २ इंच रुंद काढली, तर दोन्ही बाजूंची पाव-पाव इंच माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेलं कापड, जाऊन दीड इंच उरते. कापूस भरून ती गोल झाली की जाडी जेमतेम १ इंच. म्हणजे कागदावरची १ इंचाची देखणी सोंड शिवल्यावर अर्ध्या इंचाची नळी होते. ती उलटवता येत नाही, भरता येत नाही, आणि रागाने ओढली तर हातात येते. कागदावर हत्ती बेढब दिसला पाहिजे. पाय खांबासारखे, सोंड दुधी भोपळ्यासारखी.

माया हा शब्द शिवणकामात फार आधीपासून आहे आणि तो तंतोतंत बरोबर आहे. वरून दिसत नाही, पण कमी पडली तर सगळं उसवतं. घट्ट विणीच्या सुती कापडाला पाव इंच पुरते. कडेने दशा सुटणाऱ्या कापडाला अर्धा इंच लागते. तिथे कंजूषपणा करणाऱ्या माणसाचा हत्ती पंधरा दिवसांत बगलेत फाटतो.

कापताना कापड दुहेरी घालायचं, सुलट बाजू आत. एकेरी कापडावर एकच कागद दोनदा ठेवून कापलं, की दोन्ही तुकडे एकाच दिशेला तोंड करून निघतात. एकाचं तोंड रंकाळ्याकडे आणि दुसऱ्याचं बिंदू चौकाकडे असेल तरच ते एकमेकांवर बसतात. दोघंही रंकाळ्याकडे निघाले असतील तर तुमच्याकडे अर्धे अर्धे दोन हत्ती आहेत, पूर्ण एकही नाही. शिवाय कागद कापडाच्या उभ्या धाग्याला धरून ठेवायचा. जागा वाचवायला तिरका ठेवला तर ते अंग भरताना ताणतं आणि हत्तीची मान लकवा मारल्यासारखी एकीकडे जाते.

शिवायला पॉलिस्टरचा दोरा, १४ नंबरची सुई आणि बारीक टीप, इंचाला साधारण १२ टाके. झबल्याला चालणारी लांब टीप इथे चालत नाही. कापूस आतून रेटतो, टाके फाकतात आणि शिवणीतून पांढऱ्या मिशा बाहेर येतात. पाठीवर सरळ जागी तीन इंच उघडं सोडायचं, सोंडेजवळ किंवा पायाच्या वळणावर नाही. वळण हाताने बंद करताना सुरकुती पडते. मग वळणावळणाला मायेला शिलाईपर्यंत छोट्या चिरा द्यायच्या, शिलाई न कापता. चिरा दिल्या नाहीत तर उलटवल्यावर वळणांना सुरकुत्या पडतात. जास्त खोल दिल्या तर तो हत्ती नाही, चाळण.

आणि शेपूट. ते शिवण घालण्याआधीच दोन थरांच्या मध्ये, तोंड आतल्या बाजूला करून टाचायचं असतं. नाहीतर सगळी शिवण झाली, हत्ती उलटवला, वा वा झाली, आणि मशीनवर शेपूट तसंच पडलेलं दिसतं. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, हे ज्याने पहिल्यांदा म्हटलं त्याच्या घरी नक्की शिवणयंत्र असणार.

आता खरी परीक्षा, भरण. बजेटचा हत्ती इथे बसतो. कापड फुकट, दोरा घरातला, कागद काल-परवाचा, आणि मग कळतं की आत घालायला काहीच नाही. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. या टप्प्यावर लोकांना ज्या कल्पना सुचतात त्या एकेक बघण्यासारख्या असतात. कात्रणं भरली तर हत्ती विटेएवढा जड होतो आणि दोन वर्षांचा थोरला भाऊ तो धाकट्याच्या डोक्यात घालतो. उशीतला जुना कापूस पहिल्या दिवशी छान वाटतो. पण तो भिजला की गोळे होतात आणि आत वाळत नाही. पंचगंगा पात्राबाहेर आली, राजाराम बंधारा पाण्याखाली गेला, अशा बातम्या सुरू झाल्या की कापसाच्या हत्तीला आतून बुरशी धरते आणि घरात पावसाळाभर कुबट वास फिरतो. तांदूळ भरले तर किडे पडतात. हरभरे भरले तर ओल लागून मोड येतात, आणि उसवलेल्या शिवणीतून एक दाणा बाहेर आला तरी बाळाच्या घशात अडकायला पुरतो. थर्माकोलचे मणी तर घरात आणूच नका. एक भोक पडलं की ते दिवाळीपर्यंत झाडत बसावं लागतं, आणि बाळाच्या नाकात जायलाही त्यांना वेळ लागत नाही.

स्वस्त आणि मस्त उपाय म्हणजे घरातली चपटी झालेली फायबरची उशी. फाडायची, आतलं फायबर कोमट पाण्यात धुऊन जाळीच्या पिशवीत वाळवायचं आणि मग हाताने पिंजायचं. १० इंची हत्तीला साधारण १०० ग्रॅम लागतं. पिंजल्यावर तो ढीग केवढा तरी दिसतो, आणि हत्तीच्या पोटात गेल्यावर कुठे गेला ते कळत नाही. चिमूट चिमूट भरायचं, आधी सोंडेचं टोक, मग पाय, मग डोकं, शेवटी पोट. मोठा गोळा एकदम कोंबला तर आत बटाटे भरल्यासारखे उंचवटे येतात आणि ते नंतर कशानेही हलत नाहीत. ढकलायला उलथन्याचा बोथट दांडा घ्यायचा. कात्रीचं टोक घेणारे लोक सोंडेला नाकपुडी पाडतात. सगळ्यात घट्ट भरायचं ते मानेत. तिथे ढिलाई राहिली की आठवड्याभरात हत्ती मान खाली घालून बसतो.

डोळ्यांना बटण लावायचा मोह सगळ्यांना होतो, कारण जुन्या शर्टाची बटणं डबाभर असतात. तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या खेळण्याला बटण, मणी, टिकली, घुंगरू काहीही नको. खेळण्यांच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस ९८७३ मध्ये, सुटे भाग तपासायला एक छोटी नळी असते. तिचा व्यास ३१.७ मिलिमीटर. सुटा झालेला भाग तिच्यात पूर्ण मावला तर तो लहान मुलाला धोक्याचा. दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं, त्यावरून अंदाज घ्या. दुकानातल्या खेळण्यांवर २०२१ च्या जानेवारीपासून आयएसआय खूण सक्तीची झाली आहे. तुमच्या हत्तीला कुणी खूण मागणार नाही, म्हणून जबाबदारी तुमची.

डोळे भरतकामाच्या दोऱ्याने भरायचे. लडीत सहा पदर असतात, त्यातले तीन घ्यायचे. पण आधी काळ्या कागदाच्या दोन टिकल्या टाचणीने लावून चार पावलं मागे जाऊन बघायचं. खाली आणि लांब लांब असले की पिल्लू दिसतं. वर आणि जवळ जवळ घेतले की तोच हत्ती थकलेली भिशी मागायला आलेल्या माणसासारखा बघतो. भरल्यावर उसवायचे म्हटले तर कापडाला भोकं दिसतात, त्यामुळे घाई नको. कान दुहेरी दोऱ्याने पुढून आणि मागून असे दोनदा शिवायचे आणि मग सगळा जीव एकवटून ओढून बघायचे. तुमच्या हाताने निघाले तर बरं झालं.

टाचण्या मोजून घ्यायच्या, हे मी शेवटी सांगत असले तरी काम पहिलं आहे. बारा घेतल्या तर बारा परत डबीत. अकरा भरल्या तर हत्ती पॅक होत नाही, मग बारशाला उशीर झाला तरी चालेल. चुंबक असेल तर तो हत्तीच्या अंगावरून सगळीकडे फिरवायचा. टाचणी जमिनीवर सापडेल, गादीवर सापडेल, बहुतेक वेळा ती शिवणाऱ्याच्या स्वतःच्या पदरालाच असते.

चेंडूचं थोडक्यात. सहा पाकळ्या, प्रत्येकी मध्यभागी साडेतीन इंच रुंद आणि टोकापासून टोकापर्यंत साडेनऊ इंच लांब, माया धरून. म्हणजे १८ इंच घेराचा चेंडू होतो. शिवण प्रत्येक टोकाच्या पाव इंच आधी थांबवायची, नाहीतर सहा टोकांची सहा पदरी गाठ होते आणि सुई मोडते. पाकळीची वळणं फुगीर काढली तर चेंडूऐवजी बटाटा होतो. बाळाला फरक पडत नाही, बाळाच्या आत्याला पडतो.

आणि ज्यांना खरंच पैसे वाचवायचे आहेत त्यांनी जुनी सुती साडी घ्यावी. उजेडासमोर धरून बघायची, बसायच्या जागी चाळणीसारखी झाली असेल तो भाग सोडायचा, उरलेलं दोन्ही हातांनी ताणून बघायचं. टर्र झालं नाही तर साडेपाच मीटरमध्ये दोन दुपटी आणि एक-दोन झबली सहज निघतात. झबल्याच्या शिवणी नवजात बाळासाठी बाहेरच्या बाजूला ठेवायच्या, आतली शिवण कोवळ्या कातडीला बोचते. लाळेऱ्याला मागे जुना टॉवेल, पुढे सुती कापड, ९ बाय १२ इंच, गळा २ इंच त्रिज्येचा, आणि मागे टिचबटण. नाडी बांधायची नाही, ती बाळाच्या मानेभोवती असते. वाकळ शिवत असाल तर जरूर शिवा, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या झोपेत ती अंगावर सुटी टाकायची नाही आणि हत्तीही शेजारी झोपवायचा नाही, हे देताना सांगायचं.

मग बारसं. घुगऱ्या, पेढा, पाळणा. भेटी उघडल्या जातात, हत्ती हातोहात फिरतो. एक आज्जी तो उलटासुलटा करून विचारतात, "घरी शिवलाय व्हय? गाय हाय का म्हस?" कुणीतरी सोंड दाखवतं. आज्जी मान डोलावतात. बाळ झोपलेलं असतं.

निघताना बाळाची आत्या हळदीकुंकू लावते आणि ओटीत नारळ, तांदूळ आणि एक ब्लाऊजपीस घालते. जांभळा, ८० सेंटीमीटर, घडी न मोडलेला. घरी आल्यावर मोरीच्या कट्ट्यावर धागा ओढून काडी लावायची. गाठ होते. पीस गाठोड्यात जातो.