गेटिसबर्गला युद्ध संपलं नव्हतं, आणि ग्रँट कसाई नव्हता

जुलै आला की ती पोस्ट परत फिरायला लागते. यंदा तीन ग्रुपवर आली, एकानं तर वर "खरा इतिहास" लिहून पाठवली, म्हणून म्हटलं आता बसून सविस्तर लिहूनच टाकू. पोस्टमध्ये थोडक्यात असं आहे: अमेरिकेच्या सिव्हिल वॉरचा, म्हणजे १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धाचा, निकाल गेटिसबर्गला तीन दिवसांत लागला. साउथचा, म्हणजे देशातून फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांचा, जनरल ली सगळ्यात मोठा सेनापती, त्याला डावपेचात कुणी हरवलं नाही, नॉर्थकडं माणसं आणि कारखाने जास्त म्हणून तो हरला. नॉर्थचे सेनापती बघाल तर ग्रँट कसाई, शर्मन जाळपोळ करणारा राक्षस. आणि युद्ध गुलामगिरीवरून नव्हतंच, राज्यांच्या हक्कांवरून होतं.

आधी गेटिसबर्ग. लढाई प्रचंड होती यात वादच नाही. १ ते ३ जुलै १८६३, पेनसिल्व्हेनियातलं छोटंसं गाव, दोन्हीकडचे मिळून पन्नास हजारांच्या आसपास लोक मेले, जखमी झाले नाहीतर पकडले गेले, आणि शेवटच्या दिवशी साउथच्या पिकेटच्या त्या हल्ल्यात बारा-साडेबारा हजार माणसं उघड्या शेतातून तोफांच्या तोंडी चालत गेली त्यातली निम्मी धड परत आली नाहीत. पण निकाल लागला असेल तर ली आपली फौज घेऊन पोटोमॅक नदी ओलांडून व्हर्जिनियात परत गेला कसा आणि त्यानंतर एकवीस महिने लढत राहिला कसा? दोनच महिन्यांनी, सप्टेंबरमध्ये, चिकामॉगाला साउथनं मोठी लढाई जिंकली. हरलेला पक्ष असं करतो का?

खरी गडबड अशी आहे की सगळ्यांची नजर व्हर्जिनियावर असते. नॉर्थची वॉशिंग्टन आणि साउथची रिचमंड ह्या दोन राजधान्यांमध्ये अंतर साधारण शंभर मैल, पत्रकार तिथंच, फोटोग्राफर तिथंच, म्हणून नावंही तिथलीच पाठ होतात. तिथं दोन्ही फौजा तीन वर्षं पुढं-मागं करत होत्या आणि रेषा फारशी हलत नव्हती. नकाशा उघडा आणि पश्चिमेकडं बघा, तिथं वेगळंच युद्ध चाललं होतं, नद्यांचं. फेब्रुवारी १८६२ मध्ये ग्रँटनं टेनेसी नदीवरचा फोर्ट हेन्री आणि कंबरलँड नदीवरचा फोर्ट डॉनल्सन हे दोन किल्ले दहा दिवसांत घेतले, डॉनल्सनला बारा हजारांच्या वर कैदी मिळाले, आणि लगेच नॅशव्हिल पडलं. एप्रिलमध्ये शायलोची भयंकर लढाई झाली, दोन दिवसांत तेवीस हजारांहून जास्त हताहत. त्याच महिन्याच्या शेवटी नॉर्थच्या आरमाराच्या फॅरागटनं समुद्राकडून आत घुसून न्यू ऑर्लिन्स घेतलं, साउथचं सगळ्यात मोठं शहर, आणि जूनमध्ये मेम्फिस गेलं. हे सगळं गेटिसबर्गच्या वर्षभर आधी बरं का. पोस्टमध्ये यातलं एक अक्षर नाही.

मग उरलं व्हिक्सबर्ग. मिसिसिपीच्या काठावर उंच कड्यावर बसलेलं गाव, वर तोफा, खाली नदीचं वळण. मी तिथं जाऊन आलोय. कड्यावर उभं राहिलं की पहिल्यांदा हेच कळत नाही की मोठी नदी गेली कुठं, कारण १८७६ साली मिसिसिपीनं पात्र बदललं आणि आता गावाखाली वाहतं ते याझू नदीचं कालव्यानं वळवून आणलेलं पाणी. कैरो नावाची लोखंडी पत्र्याची गनबोट तिथं मांडून ठेवलीय, डिसेंबर १८६२ मध्ये सुरुंगानं बुडालेली, शंभरेक वर्षांनी नदीतनं वर काढलेली. ती बघितल्यावर कळतं की या लोकांनी नदीसाठी काय काय केलं होतं.

तर ग्रँटनं अख्खा हिवाळा तिथं डोकं आपटलं. शर्मनचा समोरून हल्ला फसला, हॉली स्प्रिंग्जचं रसदेचं कोठार साउथच्या घोडदळानं जाळलं, कालवे खणले ते फुकट गेले, दलदलीत माणसं आजारानं मेली. मग एप्रिल १८६३ मध्ये त्यानं जे केलं ते शर्मनलासुद्धा पटलं नव्हतं. फौज नदीच्या पश्चिम काठानं खाली दक्षिणेकडं चालवत नेली. १६ एप्रिलच्या रात्री पोर्टरचं, म्हणजे नॉर्थचंच, आरमार व्हिक्सबर्गच्या तोफांखालून सरळ निघून गेलं. तिकडं नॉर्थचा ग्रिअर्सन सतराशे घोडेस्वार घेऊन अख्ख्या मिसिसिपी राज्यातून रेल्वे उखडत, तारा तोडत फिरला, त्यामुळं पेम्बर्टन, म्हणजे व्हिक्सबर्गचा सेनापती, नको तिकडं माणसं पळवत बसला. ३० एप्रिलला ग्रँट नदी ओलांडून पूर्व काठावर उतरला. आणि आता बघा, सगळ्यांना वाटलं हा सरळ उत्तरेला व्हिक्सबर्गवर चालून येणार, तर हा वळला ईशान्येला, आधी मिसिसिपी राज्याची राजधानी जॅक्सनवर गेला, तिथं कुमक गोळा करणाऱ्या साउथच्या जॉन्स्टनला हाकललं आणि मग माघारी फिरून पेम्बर्टनवर आला. पोर्ट गिब्सन, रेमंड, जॅक्सन, चँपियन हिल, बिग ब्लॅक नदी, सतरा दिवसांत पाच लढाया, पाचही जिंकल्या. त्या भागातल्या साउथच्या सगळ्या फौजा एकत्र आल्या असत्या तर ग्रँटपेक्षा फार कमी नव्हत्या. त्यानं त्यांना एकत्र येऊच दिलं नाही. याला डावपेच म्हणायचं नसेल तर कशाला म्हणायचं?

घाईनं केलेले दोन हल्ले फसले, मग वेढा. गावातले लोक टेकडीत गुहा खणून राहिले, खेचरांचं मांस खायची वेळ आली. ४ जुलै १८६३ ला, म्हणजे गेटिसबर्ग संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी, पेम्बर्टन एकोणतीस हजारांच्या वर सैनिकांसह शरण आला. पाच दिवसांनी त्याच नदीवरचं खालचं पोर्ट हडसनही पडलं आणि मिसिसिपी वरपासून खालपर्यंत नॉर्थची झाली. टेक्सास, आर्कान्सा आणि पश्चिम लुइझियाना, म्हणजे जिथून घोडे, गुरं, धान्य यायचं तो मुलूख उरलेल्या साउथपासून तुटला. रसद तुटली की फौजेचं काय होतं हे मराठी वाचकाला मी वेगळं सांगायला नको.

नदीसारखीच समुद्राची नाकेबंदी. एप्रिल १८६१ लाच राष्ट्राध्यक्ष लिंकननं जाहीर केली, सुरुवातीला बोटी कमी आणि किनारा साडेतीन हजार मैलांचा, त्यामुळं भरपूर जहाजं निसटायची, पण एकेक बंदर पडत गेलं तशी ती आवळत गेली. तिचा परिणाम तर आपल्याच घरात दिसला होता. ब्रिटनच्या गिरण्यांना तीन चतुर्थांशाहून जास्त कापूस अमेरिकेच्या साउथमधून जायचा, तो थांबला आणि वऱ्हाड-खानदेशातल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला, मुंबईत पैशाचा पूर आला, प्रेमचंद रायचंदांचं नाव घराघरात झालं, बॅकबे रेक्लमेशनच्या शेअरसाठी लोक वेडे झाले, आणि ली शरण आल्याची बातमी आली तशी कापसाची किंमत कोसळून १ जुलै १८६५ ला निम्मी मुंबई दिवाळखोर झाली. राजाबाई टॉवर त्याच प्रेमचंद रायचंदांच्या देणगीतून उभा राहिला. तीन दिवसांच्या एका लढाईनं हे झालं नाही, चार वर्षांच्या नाकेबंदीनं झालं.

आता कसाई. १८६४ च्या मे-जूनमध्ये विल्डरनेस, स्पॉटसिल्व्हेनिया, कोल्ड हार्बर या चाळीस दिवसांत ग्रँटची पंचावन्न हजारांच्या आसपास माणसं मेली, जखमी झाली किंवा हरवली, हे खरंय आणि हलकं करून सांगायची माझी इच्छा नाही. कोल्ड हार्बरच्या शेवटच्या हल्ल्याचा आपल्याला कायम पस्तावा राहिला असं त्यानं स्वतः आठवणींमध्ये लिहिलंय. पण लीची माणसं मोजा की. १८६२ च्या जूनमधल्या सात दिवसांच्या लढायांत लीचे वीस हजार गेले, समोरच्या मक्लेलनचे सोळा हजार. गेटिसबर्गला लीनं तिसरा हिस्सा फौज गमावली. त्या १८६४ च्या चाळीस दिवसांतसुद्धा लीचे तीस हजारांवर गेले, तेही साठ-पासष्ट हजारांच्या फौजेतून. आपल्या फौजेच्या प्रमाणात लीनं ग्रँटपेक्षा जास्त माणसं घालवली आणि ज्याच्याकडं माणसं कमी त्यानं तर जपून वापरायला हवी होती. त्याला मात्र कुणी कसाई म्हणत नाही.

आणि विल्डरनेसनंतर काय झालं ते महत्त्वाचं. आधीचे सगळे सेनापती लीकडून मार खाल्ला की माघारी जायचे. ग्रँटनं रात्री फौज दक्षिणेकडं वळवली आणि आपण मागं जात नाहीये हे कळल्यावर सैनिकांनी आरोळ्या ठोकल्या, दोन दिवस जंगलात जळून आणि मरून झालेल्या माणसांनी. पुढं जूनच्या मध्यावर त्यानं दोन हजार फुटांहून लांब तरंगता पूल टाकून जेम्स नदी ओलांडली, लीला दोन-तीन दिवस खात्रीनं कळलंच नाही की समोरची फौज गेली कुठं. रिचमंडची रसद जिथून जायची ते पीटर्सबर्ग तेव्हाच पडायला हवं होतं, हाताखालचे सेनापती कचरले आणि मग साडेनऊ महिने खंदकात गेले. ती चूक नॉर्थचीच.

शर्मनचं जरा नीट बघू. २३ ऑगस्ट १८६४ ला लिंकननं एका कागदावर लिहून ठेवलं होतं की आपण बहुतेक निवडणूक हरणार. २ सप्टेंबरला अटलांटा पडलं आणि वारं फिरलं. युद्धाचा निकाल लावणारा एक दिवस दाखवायचाच असेल तर मी हा दाखवीन, कारण लिंकन हरला असता तर तह करून गुलामगिरी शाबूत ठेवा म्हणणारे सत्तेच्या जवळ आले असते. पुढं १५ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर, अटलांटा ते सव्हाना, साठ हजारांवर सैनिक रसदेची वाट मागं सोडून पावणेतीनशे-तीनशे मैल चालले. रेल्वेचे रूळ तापवून झाडांना गुंडाळले, गिरण्या, कापसाची जिनं, कोठारं जाळली, गुरं-धान्य नेलं. घरंही लुटली गेली, काही जाळली, बायकापोरांच्या तोंडचा घास गेला, हे नाकारता येत नाही. पण पोस्टमध्ये असं लिहिलंय की जणू कत्तली झाल्या, तशा झाल्या नाहीत.

याच मोर्च्यातली सगळ्यात लाजिरवाणी घटना पोस्टला माहीतच नाही. हजारो गुलाम मळे सोडून फौजेच्या मागं चालत निघाले होते. ९ डिसेंबरला एबेनेझर क्रीकवर नॉर्थच्याच एका सेनापतीनं आपली माणसं पार झाल्यावर पूल काढून घेतला, मागून साउथचं घोडदळ येत होतं, लोकांनी थंड पाण्यात उड्या मारल्या, कित्येक बुडाले. शर्मनवर राग काढायचा असेल तर इथं काढा. त्यावरून वॉशिंग्टनमध्ये ओरड झाली, १२ जानेवारी १८६५ ला सव्हानात वीस काळ्या धर्मगुरूंची शर्मनशी बैठक झाली, त्यांनी सांगितलं आम्हाला जमीन द्या, आमच्या कष्टानं कसू, आणि चार दिवसांत किनाऱ्यालगतची जमीन चाळीस-चाळीस एकरांनी वाटायचा हुकूम निघाला. लिंकनच्या खुनानंतर नव्या राष्ट्राध्यक्षानं ती त्याच वर्षी जुन्या मालकांना परत देऊन टाकली.

राज्यांच्या हक्कांचं मी थोडक्यातच लिहितो कारण वेगळं होणाऱ्या राज्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. मिसिसिपीच्या जाहीरनाम्यात सुरुवातीलाच आहे की आमची भूमिका गुलामगिरीशी पूर्णपणे जोडलेली आहे. साउथचा उपाध्यक्ष स्टीफन्स मार्च १८६१ मध्ये बोलला की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही ही आमच्या नव्या सरकारची कोनशिला आहे. गेटिसबर्गकडं जाताना लीच्या फौजेनं पेनसिल्व्हेनियातले काळे लोक, त्यातले काही जन्मापासून स्वतंत्र, पकडून दक्षिणेला गुलाम म्हणून पाठवले. कुठल्या राज्याचा कुठला हक्क होता तो? युद्ध कशावरून झालं हे पुण्यात बसलेल्या जोतिरावांना नीट कळलं होतं, १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या भल्या लोकांना.

राहिला आकड्यांचा मुद्दा. नॉर्थकडं दोन कोटी वीस लाखांच्या आसपास लोक आणि साउथकडं नव्वद लाख, बरोबर आहे. पण साउथला जिंकायचं नव्हतं, फक्त टिकायचं होतं, आणि नॉर्थला घ्यायला होता युरोपातल्या कित्येक देशांएवढा अख्खा मुलूख. नुसत्या आकड्यानं होत असतं तर १८६२ लाच मक्लेलन लाखभर फौज घेऊन रिचमंडच्या दारात होता, चर्चच्या घंटा ऐकू येतील इतक्या जवळ, आणि माघारी आला. आणि त्या नव्वद लाखांमधले पस्तीस लाख गुलाम होते, ते साउथच्या बाजूनं कसे मोजता? ते मळे सोडून निघाले. नॉर्थच्या सैन्यात एक लाख ऐंशी हजारांच्या आसपास काळे सैनिक भरती झाले, बहुतेक गुलामीतून सुटलेले. पोर्ट हडसन, मिलिकन्स बेंड, फोर्ट वॅगनर, पीटर्सबर्ग, सगळीकडं लढले. फोर्ट पिलोला शरण येत असताना साउथच्या सैनिकांनी त्यांना कापून काढलं तरी पुढच्या पलटणी उभ्या राहिल्या. "माणसं जास्त होती" म्हणताना ही माणसं कोण होती ते कुणी सांगत नाही.

प्रचंड संख्येपुढं आम्ही झुकलो, हे वाक्य मुळात लीच्या निरोपाच्या हुकमातलं, १० एप्रिल १८६५ चं. त्याच्या आदल्या दिवशी सकाळी ॲपोमॅटॉक्सला, जिथं ली शरण आला तिथं, लीची उपाशी फौज शेवटची वाट फोडायला पुढं सरकली, समोर फक्त घोडदळ असेल असं वाटलं होतं. घोडदळ बाजूला झालं तेव्हा मागं रात्रभर चालून आलेलं पायदळ उभं होतं आणि त्या रांगेत काळ्या सैनिकांच्या पलटणीही होत्या.