तिप्पट रकमेचे आमिष कितपत उपयोगी?

‘तुमच्या देणगीत आमचा मोठा आश्रयदाता तिप्पट भर घालील’ असे जाहीर केल्यास लोक अधिक देतात, हा संस्थांनी देणग्या कशा मिळवाव्यात यावरील लेखातील सल्ला मला अर्धाच पटला. डीन कार्लन आणि जॉन लिस्ट या अर्थतज्ज्ञांनी एका संस्थेच्या ५०,००० जुन्या देणगीदारांना पत्रे पाठवून नेमके हेच तपासले होते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, देणगीइतकीच भर घालण्याच्या आश्वासनाने देणाऱ्यांचे प्रमाण वाढले. मात्र ती भर दुप्पट किंवा तिप्पट केल्याने आणखी काहीही साधले नाही. शिवाय आश्रयदाता ती रक्कम तशीही देणारच असेल, तर ही योजना म्हणजे सभ्य भाषेतील दिशाभूलच होय.

लेखात ज्याला जेमतेम एक ओळ मिळाली आहे, तो मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो: देणगी मिळाल्यानंतर संस्था काय करते? पावतीनंतर थेट पुढचे आवाहनच हाती पडले, तर आधीच्या पैशांचे काय झाले हे देणाऱ्याला कळत नाही. त्यामुळे कोणते काम झाले, कोणते रखडले आणि का रखडले, हे सांगणारे साधे पत्र, त्यात काहीही न मागता, मध्ये एकदा तरी जायला हवे.