अंगणवाडी कुठे आहे, हे बुकिंगच्या आधी विचारा

पाथर्डी फाट्याच्या पुढे, मखमलाबाद-म्हसरूळकडे, आडगाव शिवारात, जिकडे बघावं तिकडे टॉवर उभे राहताहेत. काल-परवापर्यंत जिथे द्राक्षबागा आणि कोबी-फ्लॉवरचे वाफे होते, तिथे आज सॅम्पल फ्लॅट आहे. घरं व्हायलाच हवीत. नोकरीसाठी नाशकात येणारी तरुण जोडपी राहणार कुठे? माझी तक्रार घरांबद्दल नाही. घरांच्या भोवती काय येणार आणि केव्हा येणार, याचा हिशेब कुणी मांडत नाही, याबद्दल आहे.

कुठल्याही प्रकल्पाचं माहितीपत्रक उघडा. क्लब हाऊस, जिम, स्विमिंग पूल, पार्टी लॉन असं सगळं रंगीत छापलेलं असतं. शाळा, अंगणवाडी, दवाखाना, बस थांबा, भाजीवाल्यांची जागा यांतलं काहीही त्यात नसतं, कारण ते गेटच्या बाहेरचं. आणि रोजचं आयुष्य तर गेटच्या बाहेरच्या या गोष्टींवरच चालतं.

साधं गणित करू. शेजारीशेजारी मिळून बाराशे फ्लॅट झाले आणि घरटी चार माणसं धरली, तर ४,८०० लोक. माणशी रोज १३५ लिटरने साडेसहा लाख लिटर पाणी. अंगणवाडीचा सरकारी निकष ४०० ते ८०० लोकसंख्येला एक, म्हणजे किमान सहा अंगणवाड्या. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी, हे शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांतच आहे. नागरी आरोग्य केंद्र ५०,००० लोकांमागे एक, म्हणजे असे दहा-अकरा समूह झाले की एक पूर्ण दवाखाना लागतो. मग त्याची जागा आज राखायला नको का?

सहा अंगणवाड्यांचं ऐकून काही जण म्हणतील, आमची मुलं प्ले ग्रुपला जातात. पण तुमच्या घरी धुण्याभांड्याला येणाऱ्या ताईंची मुलं कुठे जातात? वॉचमनची? शेजारच्या साइटवर पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या मजुरांची? अशी एक अंगणवाडी मी जवळून पाहिली आहे. भाड्याची दहा बाय बाराची खोली. एका कोपऱ्यात पोषण आहाराची पोती, दुसऱ्यात वजनकाटा, मध्ये सतरंजीवर वीसेक मुलं दाटीवाटीने बसलेली. शौचालय नाही, म्हणून सेविका ताई एकेका मुलाला हाताला धरून घरमालकाच्या दारात नेतात, तेवढा वेळ मदतनीस ताई एका हाताने खिचडी ढवळत बाकीच्यांवर लक्ष ठेवतात. लसीकरणाच्या दिवशी गरोदर बायका बाहेर उन्हात उभ्या असतात, कारण आत पाय ठेवायला जागा नसते. समोर कोट्यवधींची इमारत उभी राहतेय आणि या सेविका ताईंना दोन खोल्या मिळू नयेत, याचा मला मनापासून संताप येतो.

जागा का मिळत नाही, हे समजून घ्या. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे महापालिका हद्दीत २०,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या लेआउटला पाच टक्के सुविधा भूखंड, म्हणजे शाळा-दवाखान्यासारख्या सार्वजनिक सोयींसाठीची जागा, सोडावा लागतो. २०,००० चौरस मीटर म्हणजे जवळपास पाच एकर. आता एकाला लागून एक असे चार-चार एकरांचे सात-आठ प्रकल्प आले, तर प्रत्येकाचा कागद नियमात बसतो. एकत्र पाहिलं तर तीस एकरांवर वस्ती होते आणि सुविधा भूखंड शून्य. दहा टक्के खुली जागा सुटते, पण ती तुकड्यातुकड्यांत आणि कुंपणाच्या आत. म्हणून माझं ठाम मत आहे की सुविधांची गरज प्रकल्पागणिक न मोजता शिवारागणिक मोजावी. दहा वर्षांनी तिथे किती माणसं असतील ते आधी मांडा, मग परवानग्या द्या.

मी नाशिकच्या सिडको वसाहतीत वाढले. अंबड-सातपूरच्या कामगारांसाठी बांधलेल्या त्या सहा स्कीम. घरं लहान, भिंतीला भिंत लागलेली. पण शाळा चालत जाण्याच्या अंतरावर, दुकानं कोपऱ्यावर, पोरांना खेळायला मैदान, कारण घरांच्या नकाशातच या जागा आखलेल्या होत्या. सिडकोत अडचणी भरपूर होत्या आणि आहेत, पाण्यापासून पार्किंगपर्यंत. तरी चौथीतली मुलगी एकटी शाळेत जाऊ शकत होती. आजच्या चाळीस लाखांच्या फ्लॅटमधली मुलगी स्कूल बसशिवाय कुठे जाऊ शकते?

नुसती इमारत बांधूनही भागत नाही. कुलूप लागलेली समाजमंदिरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. उद्घाटन होतं, कोनशिला बसते, आणि पुढे लाइट बिल कुणी भरायचं, झाडून कुणी घ्यायचं, किल्ली कुणाकडे, हे ठरलेलंच नसतं. अभ्यासिका असो की ज्येष्ठांचं विरंगुळा केंद्र, ते चालवणार कोण आणि पैसा कुठून येणार, हे नकाशाबरोबर लेखी ठरायला हवं. सकाळी अंगणवाडी, दुपारी भिशी मंडळ, संध्याकाळी अभ्यासिका अशी एकच वास्तू तिघांना पुरू शकते.

आता घाईचा मुद्दा. शहराची सध्याची विकास योजना २०१७ साली मंजूर झाली. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ प्रमाणे आरक्षित जागा, म्हणजे या योजनेत सार्वजनिक सोयीसाठी राखून ठेवलेली जमीन, दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण संपतं. म्हणजे २०२७ पासून अशा नोटिसा येऊ शकतात आणि २०२९ पासून शाळा, मैदानं, दवाखान्यांच्या जागा एकेक करून हातातून जाऊ शकतात. आणि २०२७ मध्येच सिंहस्थ. सगळी यंत्रणा रामकुंड-तपोवनाकडे लागलेली असणार. रोख पैसा नसेल तर टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, देऊन जागा घ्यायची सोय याच कायद्यात आहे. शेतकऱ्यालाही वर्षानुवर्षं जमीन अडकवून ठेवणं हा अन्यायच आहे. त्याला वेळेत मोबदला द्या आणि जागा घ्या.

पाथर्डी, मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव या भागांत घर घेतलेल्या किंवा घेणाऱ्या सगळ्यांना एक विनंती. महापालिकेच्या राजीव गांधी भवनात नगररचना विभागाकडून आपल्या सर्व्हे नंबरचा भाग नकाशा काढा. आजूबाजूला कोणती आरक्षणं आहेत ते बघा, प्रत्यक्ष जागेवर जाऊन फोटो काढा आणि मला पाठवा. आयुक्तांना द्यायच्या निवेदनात प्रत्येक आरक्षणाचा क्रमांक आणि त्या जागेवर आज काय आहे, हे दोन्ही लिहायचं आहे.