पांढरी व्हॅन, चॉकलेट आणि नंदीबैलवाला

आमच्या वाड्याच्या ग्रुपवर तो संदेश गेल्या आठवड्यात परत आला. "गोव्यात मुलं पळवणारी परप्रांतीय टोळी उतरली आहे. पांढऱ्या व्हॅनमधून फिरतात. शाळेसमोर चॉकलेट देतात, रुमाल हुंगवून बेशुद्ध करतात, किडन्या काढून विकतात. घरांवर खडूने खुणा करून गेलेत. म्हापशातून आठ मुलं गायब, पोलीस दाबून ठेवतायत. अनोळखी माणूस दिसला की धरा. सगळ्या ग्रुपवर पाठवा." सोबत एक क्लिप: मोटरसायकलवरचे दोघं रस्त्यात खेळणाऱ्या पोराला उचलून पसार.

माझी नणंद कुडाळला असते. तिला आलेला संदेश शब्दन् शब्द हाच, फक्त म्हापशाच्या जागी कुडाळ. मुलं मात्र तिथेही आठच.

मी डिचोली तालुक्यात मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. दोन दिवस फाटकाशी पालक विचारतायत, "बाई, भुरगीं व्हरतात (मुलं पळवून नेतात) म्हणे, खरं?" एकेकाला सांगून घसा बसला, म्हणून लिहून काढते.

आधी ती क्लिप. ती गोव्यातली नाही, भारतातलीही नाही. कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेबद्दल लोकांना सावध करायला २०१६ मध्ये हा व्हिडिओ बनवला. मूळ व्हिडिओत ते दोघं वळून येतात, पोराला होतं तिथे सोडतात आणि फलक दाखवतात. कोणीतरी शेवट कापला आणि उरलेला तुकडा २०१८ मध्ये भारतभर फिरला. ज्या पोराला आपण इतकी वर्षं हळहळत पाहतोय, ते तेव्हाच घरी गेलं होतं.

"रुमाल हुंगवून बेशुद्ध करतात." हे सिनेमात होतं. क्लोरोफॉर्मने माणूस बेशुद्ध व्हायला काही मिनिटं सतत नाकातोंडावर दाबून धरावं लागतं. शाळा सुटताना, शंभर पालक आणि बालरथाचा, म्हणजे शाळेच्या बसचा, ड्रायव्हर उभा असताना, ओरडणाऱ्या पोराला पाच मिनिटं असं कोण धरून ठेवणार?

"किडन्या काढून विकतात." किडनी म्हणजे काही गाडीची बॅटरी नव्हे, काढली आणि दुसरीकडे बसवली. देणारा आणि घेणारा यांचे रक्तगट आणि पेशी जुळवाव्या लागतात. काढायला ऑपरेशन थिएटर, भूलतज्ज्ञ आणि शल्यचिकित्सक हवेत, आणि काढलेली किडनी थंडाव्यात ठेवूनही साधारण दीड दिवसाच्या आत बसवावी लागते. हृदयाला तर चार-सहा तासच मिळतात, म्हणून तर त्याच्यासाठी रस्ते मोकळे करतात. अवयवांचा काळाबाजार आपल्या देशात झालाय, १९९४ चा कायदा त्यासाठीच आला. पण त्यात पैशाची नड असलेल्या मोठ्या माणसांना फसवून इस्पितळात नेतात. व्हॅनमध्ये कोणी शस्त्रक्रिया करत नाही.

"घरांवर खडूने खुणा." याचं मला हसू आलं, कारण आमच्याच गल्लीतल्या दोन दारांवर त्या होत्या. पल्स पोलिओच्या वेळी आरोग्यवाले घरोघर फिरतात. सगळ्या पोरांना डोस मिळालेल्या घरावर इंग्रजी पी लिहितात, एखादं राहिलं असेल तर एक्स, सोबत तारीख. पोराच्या डाव्या करंगळीच्या नखावर शाई लावतात ना, तसंच घरालाही. पोरांच्या काळजीपोटी काढलेली खूण आम्ही टोळीच्या नावावर घातली.

आता "आठ मुलं गायब, पोलीस दाबतायत." इथे थोडं थांबते, कारण या एका वाक्यात खऱ्याचा अंश आहे. गोव्याच्या वर्तमानपत्रांत 'अल्पवयीन मुलीचे अपहरण' ही बातमी वरचेवर दिसते आणि लोकांना वाटतं, बघा, आम्ही म्हणत नव्हतो? पण १० मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचाच, आणि सुरुवातीला ते अपहरण किंवा तस्करी आहे असंच धरून तपास करायचा. त्यामुळे अठरा वर्षांखालचं कोणीही घरी आलं नाही, मग कारण काही असो, पोलीस अपहरणाचं कलम लावतात. पूर्वी ते भारतीय दंड विधानाचं ३६३ होतं, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं १३७.

आमच्या शेजारच्या हायस्कुलातली एक मुलगी नववीत कमी गुण पडले म्हणून घरी बोलणी खाल्ल्यावर कदंबाच्या बसमध्ये बसली आणि सावंतवाडीला मावशीकडे गेली. दुपारी घरच्यांनी तक्रार दिली, संध्याकाळी मावशीचा फोन आला. तोवर कागदावर 'अज्ञात व्यक्तीविरुद्ध अपहरण' झालं होतं आणि दुसऱ्या दिवशी छापूनही आलं. ती मावशीकडे घावणे खात होती, ही बातमी कोण छापणार? अपहरणाच्या आकड्यात घरातून रागाने गेलेली, प्रेमात पळालेली, वाट चुकलेली अशी सगळी मुलं मिसळलेली असतात. आणि हा आदेश असताना पोलीस दाबतात कसे? उलट त्यांना लिहून घ्यावंच लागतं. 'चोवीस तास वाट बघा' असं ठाण्यावर कोणी सांगितलं तर ऐकू नका, तसा नियमच नाही.

अनोळखी माणूस मूल कधीच नेत नाही, असं मी म्हणत नाही. २०२१ च्या जूनमध्ये बांबोळीच्या गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळाच्या, आवारातून महिन्याभराचं बाळ गेलं होतं. सगळ्या गोव्याच्या काळजाचं पाणी झालं. पोलिसांनी दिवसभरात बाळ शोधून काढलं. नेणारी एकटी बाई होती. व्हॅन नव्हती, टोळी नव्हती, चॉकलेटही नव्हतं.

"अनोळखी माणूस दिसला की धरा." सगळ्यात घातक ओळ ही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आठवड्याच्या बाजारादिवशी लोकांनी अशीच पाच माणसं धरली. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे. पंचायतीच्या खोलीत कोंडून त्यांना ठेचून मारलं. त्याच आठवड्यात त्रिपुरात, अफवांवर विश्वास ठेवू नका असं भोंग्यावरून सांगायला सरकारने नेमलेल्या माणसालाच जमावाने मारलं. पुढे व्हॉट्सअ‍ॅपने एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा घातली. पाच ग्रुप आमच्या वाड्याला पुरून उरतात.

आमच्याकडे काय झालं ते सांगते. दोन वर्षांमागे दिवाळीनंतर नंदीबैलवाला आला होता, बायको आणि कडेवर वर्षाचं पोर. पोर आईपेक्षा उजळ. पारावर कोणीतरी म्हणालं, "हे हिचं नाही." पाच मिनिटांत पंधरा-वीस माणसं जमली, त्यात माझे दोन माजी विद्यार्थी मोबाईल धरून. बाई रडेना, बोलेना. नवऱ्याने बैलाच्या झुलीखालून प्लास्टिकची पिशवी काढली. आधार, रेशनकार्डाची झेरॉक्स, आणि पोराच्या लसीकरणाचं कार्ड, घडीवर चिकटपट्टी लावलेलं. आमच्या अंगणवाडीच्या ताईने ते उघडून मोठ्याने वाचलं: अमुक तारखेला बीसीजी, अमुक तारखेला गोवर, आईचं नाव अमुक. पंचाने पोलिसांना बोलावलं, हवालदाराने येऊन लोकांना घरी पाठवलं. माफी कोणी मागितली नाही. त्या गर्दीतल्या किती जणांना स्वतःच्या पोराचं कार्ड घरात कुठे आहे ते सांगता आलं असतं, हा विचार तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे. त्यानंतर नंदीबैल आमच्या वाड्यावर आलेला नाही.

'घाटी', 'लमाणी', 'भायले' म्हणत बाहेरून आलेल्यांकडे बोट दाखवणाऱ्यांना मडगाव आठवतं का? अनाथ मुलांचा आश्रम चालवणारा फ्रेडी पीट्स १९९१ मध्ये पकडला गेला आणि १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. आश्रमातल्या मुलांचंच लैंगिक शोषण. मुलं पळवावी लागली नाहीत, ती त्याच्या हवालीच केलेली होती. २००३ च्या गोवा बाल कायद्यात हॉटेलच्या खोलीत कुटुंबाबाहेरच्या माणसासोबत मूल राहू देण्यावर बंधन आलं ते उगाच नव्हे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षं दिसतं की मुलांवरच्या बलात्काराच्या प्रकरणांत नव्वद टक्क्यांहून जास्त आरोपी ओळखीचेच. फाटकाबाहेरच्या भांडीवालीवर नजर ठेवणारा पालक ट्यूशनच्या सरांना काहीच विचारत नाही, याचं मला जास्त भय वाटतं.

"मग करायचं काय?" हा प्रश्न बरोबर आहे.

'अनोळख्याशी बोलू नको' एवढंच शिकवू नका. जत्रेत हरवलेल्या पोराभोवती सगळे अनोळखीच असतात. त्याला सांगा, होतास तिथेच थांब, आणि नाहीच दिसलो तर खाजेवाल्याच्या दुकानात जा. दुकानवाला जागचा हलत नाही, आणि देवळाचा माईक त्याला ठाऊक असतो. निघण्याआधी पोराचा त्या दिवसाच्या कपड्यातला फोटो काढून ठेवा. शाळेतून न्यायला दुसरं कोणी येणार असेल तर घरात एक शब्द ठरवा, तो सांगणाऱ्याबरोबरच जायचं. मूल सापडत नसेल तर पोलिसांना ११२ किंवा मुलांच्या हेल्पलाइनला १०९८ वर फोन करा, लगेच, ग्रुपवर फोटो टाकण्याआधी. आणि पोर शाळेत येणार नसेल तर सकाळीच बाईंना कळवा. पहिल्या तासाच्या हजेरीला गैरहजर दिसलं की मी फोन करते. पालक वैतागतात, तरी करते.

परवा तिसरीच्या वर्गात विचारलं, घरचा नंबर कोणाला पाठ आहे? निम्मे हातही वर आले नाहीत. पहिल्या बाकावरच्या एकाने दहाच्या दहा आकडे खणखणीत म्हटले. मधल्या सुट्टीत मी तो लावून पाहिला. त्याच्या बाबांचं जुनं सिम, कधीचं बंद.